पोटातली भरती

पिंजरा सोडायचा दीड हजार मीटर खाली,
वर ओढायचा, पुन्हा सोडायचा.
पंचवीस तास. एकच जागा,
बास्को बंदराच्या वायव्येला,
जिथे पाण्याखाली दोन डोंगररांगा
भांडल्यासारख्या पाठी फिरवून उभ्या आहेत.

विंच माझ्याकडे. आत पडद्यासमोर ल्याओ शू-फेन,
काओशुंगची. मला ती आडनावानं हाक मारते,
होंतोमिन,
शाळेत हजेरी घेतात तशी.

रात्री दोनला तिनं आत बोलावलं.
बारा अंशांच्या गारव्याची रेघ
मघाशी तीनशे मीटरवर होती,
आता साडेचारशेच्या खाली.
‘पन्नास मजले, होंतोमिन. आपल्या पायाखालून.’
मी टेबलाकडे पाहिलं.
माझ्या कॉफीवर साय धरली होती,
तिला सुरकुतीसुद्धा नव्हती.

चंद्र पाणी ओढतो हे मलाही ठाऊक.
पण ओढलेलं पाणी डोंगराला अडतं,
तळचं जड गार पाणी
वरच्या हलक्या उबेत घुसतं,
आणि तिथून एक कळ निघते, पश्चिमेला.
पाणी जात नाही. पाणी आपल्या जागी येतं.
कळ जाते.

ती मोजायला कुठलं एक यंत्र नाही.
दाब मोजायचा, वेग मोजायचा,
दोघांचा गुणाकार.
दाब चढला त्याच क्षणी पाणी पुढे सरलं
तरच काही पुढे पोचतं.
पाव फेरी मागेपुढे झाली
की दिवसभर धावूनही बेरीज शून्य.
‘म्हणजे माझा भाऊ आणि वहिनी,’ मी म्हणालो.
अकरा दिवसांत ती पहिल्यांदा हसली.

मग मी बापाचं सांगितलं.
दिउरा गावचा मासेमार, चैतापासून उन्हाळाभर
एकटा होडीत, पाखऱ्या माशाचं आमिष लावून
अरायु धरायचा.
कधी घरी येऊन म्हणायचा,
आज वारा नव्हता, तरी पाण्याचा एक पट्टा
भातासारखा उकळत होता.
आई म्हणायची, नाव घेऊ नका त्याचं.
तो नाव घेत नसे. दोरीला गाठ मारत असे.
पट्टा रोज पाऊणएक तास उशिरा यायचा,
आणि अमावास्येनंतर जाड व्हायचा,
हे सगळं त्या गाठींत.

ती खुर्चीत पुढे सरकली.
‘दोरी आहे?’
नाही.
तो गेल्यावर आईनं तिनं शेळी बांधली.
शेळीनं खाल्ली.
सात वर्षांच्या गाठी, एका दुपारी.

ती हसली नाही.
वहीत काहीतरी लिहिलं,
बहुधा शेळी.

पहाटे गेल्या वर्षीच्या साखळीचा विषय निघाला:
सहाशे मीटरवरचा मापक चौथ्या महिन्यात मुका झाला,
तिथून पुढे आलेखात पांढरी जागा.
डोंगरावरून जेवढी निघते
तेवढी पलीकडे पोचत नाही.
कुठेतरी पाणी मुरतं म्हणतात ना, तसं,
फक्त इथे मुरलेलं पाणी नसतं.
उतारावर घुसळण होते,
गार आणि ऊब एकमेकांत कालवली जातात,
आणि ती कालवण
कुणाच्याच हिशेबात नीट बसत नाही.

पंचविसाव्या फेरीनंतर तिनं आकडा सांगितला.
मीटरमागे चाळीस किलोवॅट, पश्चिमेकडे.
‘कच्चा आहे,’ ती म्हणाली, ‘कुणाला बोलू नकोस.’
मी मनात दिउराचे दिवे मोजले.
हात पसरले तर माझ्या दोन हातांच्या मध्ये
आख्खं गाव उजळून उरेल एवढं चाललं होतं,
अंधारात, आवाज न करता.
परवा मी घरी असेन,
आईच्या कुंपणाच्या दोन काठ्या बदलायच्यात.
तेव्हा आजची ही कळ
दोंगशाच्या उथळावर चढत असेल, फुटत असेल,
तिथला कुणी मासेमार
वारा नाही तरी, असं म्हणत
जाळं आवरत असेल.

बाटल्यांतलं पाणी काढताना
हातावर थोडं सांडलं.
दीड हजार मीटरचं गार,
बोटं आखडवणारं.

‘सव्विसावी घ्यायची का?’ तिनं विचारलं.
‘चंद्र संपला नाही अजून.’
केबलला वंगण हवं होतं.
मला झोप हवी होती.
घेतली.